दाढ

डॉक्टर वलादशसुद्धा विचारतात,
माझ्या तोंडात आरसा घालून, म्हणजे मला बोलता येणार नाही अशा वेळी:
दोना इल्दा, पुढची सीट फुकट कशी मिळते हो?

गुळणा झाल्यावर सांगते.

सूट घालून येऊ नका.
एकवीस वर्षं लिस्बनच्या विमानतळावर त्या काउंटरमागे उभी आहे,
संगणकाला डोळे नसतात.
तुमची इस्त्री, तुमची टायची गाठ त्याला दिसत नाही.
त्याला यादी कळते. कोण किती उडालं, कुणी किती मोजले,
कोण एकटं आहे,
आणि मागच्या भागात आम्ही
जागांपेक्षा किती तिकिटं जास्त विकली.
हो, विकतो. बाहेर बसलेल्यांना सांगू नका.

लोक चॉकलेटं आणतात.
मी घेते. बदामवाली असतील तर घरी पोचतही नाहीत.
यादी जागची हलत नाही,
हलली ती ही दाढ.

मधुचंद्राला निघालेले तर किती!
एका गृहस्थाचा मधुचंद्र मी तीनदा पाहिला,
तिन्ही वेळा बायको तीच. मानलं त्याला.
कुणी गुडघा धरून लंगडत येतं
आणि नाही म्हटलं की सरळ चालत जातं.
माझ्या हातून असे कितीतरी बरे झाले,
फातिमाला एक मेणबत्ती न लावता.

विचारायचंच तर सरळ विचारा,
ताकाला येऊन भांडं लपवू नका.
एकटे या. विमान तुडुंब भरलेलं असेल अशा दिवशी या.
वेगळं जेवण मागवून ठेवू नका,
त्या थाळीला पुढे जायची वाट सापडत नाही.
आणि एवढं करूनही काही होणार नाही, बहुधा.
असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी:
खाटलं आमच्याकडे खरंच आहे,
पहिल्या पाच रांगांत, बटण दाबलं की आडवं होतं.
हरीची खात्री देता येत नाही.

ऑगस्टमध्ये प्राइयाच्या रात्रीच्या विमानाला
आदेलिनु फुर्तादु नावाचा माणूस आला,
काळ्या लोकरी सुटात.
बाह्या बोटभर लांब. कुणाचा तरी मागून आणलेला.
तो तोंड उघडायच्या आतच मी म्हणाले,
सुटाने काही होत नाही, साहेब.
जरा मोठ्यानेच म्हणाले. मागचे दोघे हसले.

ठाऊक आहे, तो म्हणाला.
उद्या अकराला नेणार आहेत तिला.
तिथे पोचून कपडे बदलायला वेळ नाही.

मी स्टेपलरकडे बघत राहिले.

मग यंत्राने आपणहून त्याला पुढे टाकलं.
एकतीस-सीची पाठ अडकत नव्हती,
हा एकटा होता, जेवण साधं होतं.
दोन-ए. मी काही केलं नाही.
केलं असतं तर बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात ग्रासा भेटली, त्या रात्री ती विमानावर होती.
म्हणाली, चार तास माणूस ताठ बसून होता,
बटणाला हात लावला नाही,
पँटची घडी मोडेल म्हणून.
पांघरूण नको, वाइन नको.
एकच विचारलं त्याने, इथे हँगर असतो का?
असतो. पुढच्या भागात असतो.
तिने कोट कपाटात टांगला,
आणि तो दर अर्ध्या तासाने उठून
दार किलकिलं करून बघून यायचा.

म्हणून, तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.
सूट घालून आलेल्याला
मी आता आधी काही बोलत नाही.

डॉक्टर वलादश थोडा वेळ हातमोजे ओढत बसले.
मग म्हणाले,
आता जरा चावून बघा.