नमुना प्रती

स्टाफरूमच्या टेबलावर तीन पुस्तकं
आणि विक्रेत्याकडून एक बशी मंदाझी.
वान्योनी त्याचं नाव. टाय इतका घट्ट
की श्वसनसंस्था त्याच्यावरच शिकवावी.
"मॅडम, नवी आवृत्ती. पानोपानी रंग."
रंग आहेत खरे.
रक्त तर असं की होमा बेच्या बाजारात
एवढ्या लाल टोमॅटोवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

बावीस वर्षं शिकवतेय. पुस्तक मी आधी वाचत नाही,
पाठीत वाकवते, कान लावते.
डिंक कुरकुरला, तर दुसऱ्या सत्रात
पचनसंस्था सुटून बाकाखाली जाणार.

मग माशाचं पान.
तिन्ही पुस्तकांत मासा डावीकडेच तोंड करून,
जणू उजवी बाजू त्याला दिलेलीच नाही.
निळ्या पुस्तकातल्या तळ्याकाठी ओक, खार, थोडं बर्फ.
आमच्या सरोवराला पलीकडचा काठ दिसत नाही,
जलपर्णीत होड्या अडकून पडतात;
निळ्याच्या हे गावीही नाही.
हिरव्यात जलपर्णी आहे, न्गेगे मासा आहे,
आणि किंमत आठशे वीस शिलिंग.
म्हणजे एकशे साठ मुलींत चाळीस प्रती.
कडेला बसणारीला वर्षभर अर्धंच पान.

पिवळं स्वस्त. आणि त्यातलं हृदय!
झडपा आत्ता उघडतील, इतकं नेमकं.
न्यांग्वेसो सर म्हणाले, "झालं तर मग. पिवळं."

थांबा म्हटलं, एक पान राहिलंय.
आनुवंशिकता. सिकल सेल.
निळ्यात दोन ओळी.
हिरव्यात नकाशा, आमचा किनारा गडद,
खाली तपासणी, गोळ्या, भरपूर पाणी.
पिवळ्यात एकच वाक्य:
असे रुग्ण सहसा प्रौढ होत नाहीत.

मी ते मोठ्याने वाचलं.
सरांनी हातातली मंदाझी बशीत ठेवली.

थर्ड फॉर्ममध्ये खिडकीशी अकेयो बसते,
उन्हातही स्वेटर, बाकावर पाण्याची बाटली.
पाऊस धरला की तिची हाडं आधी सांगतात.
वर्ग पेशीभित्तिकेवर असतो
तेव्हा ती तीन धडे पुढे असते, ही तिची खोड.
मी शिकवत शिकवत पोचायच्या आत
ती त्या वाक्यापाशी पोचली असती,
एकटी, रात्री, वसतिगृहातल्या मिणमिणत्या दिव्याखाली.

हिरव्याच्या चाळीस प्रती मागवल्या.
प्राचार्य ओगुटु बोलतील. बोलू देत.
हृदय मी फळ्यावर काढीन रंगीत खडूने,
दरवर्षी जरासं वाकडं येतं, येऊ दे.

पिवळी नमुना प्रत परत द्यायची होती.
वान्योनी पावती फाडत होता, तेवढ्यात
त्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं:
अकेयो. वय सतरा.
काल न्गेगेचे कल्ले उघडून मोजले तिने. चार.
मग कुणी न सांगता मासा उलटा केला,
उजवीकडचेही मोजले.