मळायचं नाही

बेचाळीस वर्षं कणीक तिंबली मी.
माहीमच्या दोन बँका, एका शाळेची स्टाफरूम
आणि दातांचा एक दवाखाना
माझ्या पोळ्यांवर दुपार काढत आलेत.
परात भिंतीला टेकवायची, मनगटात अंग उतरवायचं,
कुणाचा राग आलेला असला
तर दोन बुक्के जास्त.
पोळी तेवढीच मऊ.

आणि खालच्या मजल्यावरची सेराफिना डिमेलो
माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सांगते,
मळू नको गो.

हात थरथरतात तिचे हल्ली, दोन्ही.
कपबशी आधी बोलते, मग ती.
म्हणून तोंड तिचं, हात माझे, असा करार झाला.
स्कोन. साधे.
वेलची घालू का विचारलं
तर असं बघितलं, मी डबी परत ठेवली.

मैदा रात्रीच फ्रीजरमध्ये,
बोंबलांच्या शेजारी, तीन पिशव्यांत गुंडाळून.
पहाटे पाचला सुरुवात, नळ यायच्या आधी,
कारण मे महिन्यात आपल्याकडे
बटर दहा मोजेपर्यंतच बटर असतं.
बोटांच्या टोकांनी, ती म्हणते,
तळवा लावू नको, तळव्याला ताप असतो.
दुधात लिंबू पिळायचं. फाटू द्यायचं.
(दूध नासलं की माझी आई
दिवसभर कुणाशी बोलत नसे.)
एकदाच ओतायचं, सुरीनं कालवायचं,
गोळा झाला न झाला, की थांबायचं.

थांबायचं.
इथंच.

पहिल्या खेपेचे बारा दगड.
यांनी एक दाराला लावून बघितला,
समुद्राचा वारा आला तरी दार हललं नाही.
दुसरी खेप खारीची लांबची बहीण,
चहात बुडवून संपवली, कुणाला सांगितलं नाही.
तिसऱ्या वेळी ओव्हन आणि गीझर
एकदम लावले आणि फ्यूज उडाला.
दोघी बसलो काळोखात,
मध्ये ताटात कच्चे गोळे.

तेव्हा ती म्हणाली,
हात हलायला लागले ना माझे,
तेव्हापासनंच चांगले व्हायला लागले हे.
आधी माझे पण धोंडेच.
आता जोरच नाय, तर करणार काय?

मी काही बोलले नाही.
फ्यूजची तार शोधत राहिले.

चौथ्या वेळी उजवा हात पदराखाली घेतला
आणि डावा पुढे केला.
डाव्यानं अन्नाला शिवू नये, हे माहीत आहे मला.
पण डावा माझा अडाणी,
साठ वर्षांत त्याला कुणी काही शिकवलं नाही,
तिंबणं तर नाहीच.
तो आपला घाबरत घाबरत
मैद्याला नुसता विचारत राहिला, चालेल का?
सेराफिना स्टुलावर गप्प.

पाणी प्यायचा पेला उलटा धरून कापले.
सरळ खाली, सरळ वर.
पेला पिळलास तर एका अंगाला कलतील,
आपल्या जिन्यासारखे.

अठरा मिनिटं.
काचेच्या आत उजेड पिवळा
आणि नळाला पाणी आलं, कुणी उठलं नाही.
बालदी अर्धी भरून तशीच वाहू दिली
मी, जी थेंबाथेंबाला भांडते.

वर आले. दोन बोटं. कडेला चीर पडलेली.
सुरी नको, म्हणाली, हातानं फोड.
फोडला. आतून वाफ,
आणि बटर न सांगता आत गेलं.
तिच्या हातात अर्धा दिला,
तो तिच्या हातात हलत राहिला
तोंडाशी पोचेपर्यंत,
आणि चुरा सगळा तिच्या फुलाफुलांच्या गाऊनवर.
बरा झालाय, म्हणाली. मीठ कमी.

ती गेली जिना धरून.
मी नळ बंद केला, पदर खोचला,
परात भिंतीला टेकवली.
बँकेच्या नव्वद पोळ्या.
उजवा हात कधीपासून
दाराशी उभ्या पोरासारखा.
ये, म्हटलं.