उलटी बाजू

आठ माग भंगारात गेले, किलोवर.
काट्यापाशी उभी राहून मी आकडा वाचला
आणि मनात तेलुगूत हिशोब केला.
पैसा मला अजून आईच्याच भाषेत मोजता येतो.
त्यातून गाडीमागं ओढायचं घर घ्यायचं ठरलं.
मुलगा म्हणाला, जुळे सोलापुरात प्लॉट घे.
म्हटलं, प्लॉटला चाकं असतात का?

पुण्याचा ट्रेलर सोळा फुटी, पांढरा.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला मैनुद्दीनचा
सोळा फुटी, पांढरा.
तीच घडीची खाट, तोच दोन शेगड्यांचा ओटा,
तीच हातभर मोरी,
पडद्याला तेच निळ्या फुलांचं कापड
(बोटांत धरून बघितलं. पॉलिस्टर. बोलले नाही).
हैदराबादचा तिसरा भाच्यानं फोनवर दाखवला.
स्वस्त होता.
कागदांचं विचारलं, तर म्हणाला, मावशी, रेंज जातेय.

नर्मदा वहीत उभी रेघ मारून बसली.
तेहतीस वर्षं सिव्हिलमध्ये नर्स,
तिला जगाचा तक्ता लागतो.
वजन. टाकी. ब्रेक. हमी.
दोन्ही रकाने भरले तेव्हा चष्मा काढून म्हणाली,
पद्मा, जुळी आहेत गं ही,
मनगटाला पट्टी बांधल्याशिवाय ओळखायची नाहीत.

पण मी चादरवाली.
एकाच मोराच्या, एकाच लाल काठाच्या
दोन चादरी शेजारी ठेवल्या
की गिऱ्हाईक मोराकडे बघतं.
सासरे चादर उलटी करायचे.
सरळ बाजू विकायला असते, म्हणायचे,
आणि नखानं धागे मोजत बसायचे,
चहा निवेपर्यंत.

पुण्याला गार हवा होती, ट्रेलरखाली गालिचा.
मॅडम, खाली कशाला, पोरगा म्हणाला.
वाकले. काळा रंग, जाड, ताजा.
रंगाच्या आत काय, ते त्याला ठाऊक नव्हतं.
छापील कागद दिला त्यानं.
कागद चांगला होता.

मैनुद्दीनचा ट्रेलर मे महिन्यात, दोन वाजता,
उघड्या उन्हात उभा.
नर्मदेला आत बसवून दार लावलं, दहा मिनिटं.
बाहेर आली ती स्वतःची नाडी मोजतच.
छताला अजून एक थर लागेल, मैनुद्दीन म्हणाला,
लिहा वहीत.
मग मी पदर खोचला आणि खाली सरकले.

धूळ. गरम लोखंड. वेल्डिंगचे टाके ओळीनं,
त्यातला एक घासून काढून पुन्हा मारलेला.
हे काय?
पोरानं घाईत मारला होता, पद्माक्का, काढायला लावला.
ट्रेलरचं पुढचं टोक टेकवलं होतं
एका मागाच्या बिडाच्या पायावर.
माझा नव्हे. माझ्यांवर हिरवा रंग होता.
तरी त्यावर जरा वेळ हात ठेवला.

हमी पुण्याची दोन वर्षं,
ट्रेलर तिकडं नेऊन दिला तर.
मैनुद्दीनची एक.
पण फोन मी उचलतो, तो म्हणाला,
विजापूरपर्यंत भाऊ टेम्पो घेऊन येतो,
त्यापुढं गेलात तर मला बसनं यावं लागेल,
तेवढं तिकीट द्या.

साडेसात लाख तिकडं,
इकडं छताच्या थरासकट सहा साठ.
नर्मदेनं बेरीज दोनदा तपासली, मी एकदा, तेलुगूत.
इसार दिला. पावतीवर त्यानं तारीख चुकवली,
खोडली, सही केली.

पहिल्यांदा कुठं जायचं, ते अजून भांडणात आहे.
ती म्हणते गोकर्ण,
मी म्हणते आधी हिप्परग्याच्या तलावापर्यंत,
एक रात्र, भाकरी बांधून,
ब्रेक बघू.

पुण्याच्या खिडकीला मात्र
आतून सरकणारी जाळी होती, बारीक, एका बोटानं हलणारी.
तशी मैनुद्दीनकडे नाही.
रात्री अंथरुणावर कूस बदलली
की ती अजून आठवते.