दोन सूत

मुर्गाबमध्ये, बंद पडलेल्या हवामान केंद्रामागे
झिल ट्रक तीन दिवस आ वासून उभा.
आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन साखळीला लटकतंय,
बुडातून काळं तेल गाळत,
आणि तशतानबेक त्याला म्हणतो,
"शंभर किलोमीटरला साठ लिटर ढोसलंस. बस झालं."

खाली नमद्यावर नवं इंजिन.
नवं म्हणजे जुनंच,
ओशकडच्या बटाट्याच्या शेतांत नांगर ओढून झिजलेलं,
दोन याक आणि एक टीव्ही देऊन आणलेलं.
बेलहाउसिंगच्या खाचेत सुकलेली माती,
काळी, मऊ. अशी माती इथे नाहीच.
बुरुलचाने ती नखाने खरवडून
चहाच्या डब्यात भरली.

भोकं जुळेनात.
इंजिन आणि गिअरबॉक्स, दोघांचा छत्तीसचा आकडा.
सीमाचौकीचं जुनं फाटक कापून
मधे घालायला प्लेट केली,
भोकं पाडली, लावून पाहिली.
दोन सुतांचा फरक.
मी म्हटलं, दोन सूत तर आहेत, ठोकून बसवू.
तशतानबेकने पाना खाली ठेवला.
"आक-बाइतल खिंडीत क्लचप्लेटचा भुगा होईल,
तेव्हा ठोक."

रात्रभर कानस.
हातमोजा काढला की बोट लोखंडाला चिकटायचं.

इंजिन लांब, म्हणून गिअरबॉक्स मागे सरकला,
म्हणून शाफ्ट वीतभर कापून पुन्हा जोडला.
वेल्डिंगकडे पाठ करून पोरं उभी,
भिंतीवर आपापल्या सावल्या बघत.

चौथ्या सकाळी तेलाखाली स्टोव्ह धरला.
पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा नाही.
नळीतली हवा काढली.
मग एक ठोका, दुसरा,
आणि सगळा सांगाडा असा हादरला
की डावा आरसा निखळून पडला.

पळत नाही. टॉप गिअरला पंचेचाळीस,
शेवटी ट्रॅक्टरच तो.
पण चढावर, जिथे जुनं धापा टाकायचं,
तिथे हा मान खाली घालून चालत राहतो,
मागे अजून नांगर असल्यासारखा.

घरी आणला तर कुत्रं अंगावर आलं.
नऊ वर्षं याच ट्रकला वळणापर्यंत सामोरं जाणारं.
चाकं हुंगतं, गोंधळतं, पुन्हा बॉनेटवर भुंकतं.
तशतानबेक केबिनमध्येच बसून,
इंजिन चालू.
"ऐकू दे त्याला थोडा वेळ."

दारातून बुरुलचा ओरडली,
"डिझेल काय फुकट आलंय?"