स्क्रीन अकरा

आग लागल्यास आधी काय कराल?
तीन पर्याय झाले. चौथा सुचेना.

या कामाचा दर राचय्यांनी ठरवून दिलेला:
"एवढ्यात सोलापुरी चादर येत नाही, दुप्पट सांग."
सांगितला, फोन उलटा ठेवून.
नीलोफर होटगी रोडवरून, रात्री साडेबाराला:
"ताई, तुझी तिन्ही उत्तरं बरोबरच वाटतात मला."

सकाळी शेजारच्या कारखान्यात गेले.
मागांच्या खडखडाटात अंबादासला ओरडून विचारलं.
तोही ओरडला, "आधी माल भाईर काढायचा की!"

चौथा पर्याय. चूक,
आणि सगळ्यांच्या मनातला.

आवाज भरायचाय म्हटल्यावर
त्यानं दहा मिनिटं माग बंद ठेवले.
नीट ऐकाल तर
अकराव्या स्क्रीनवर, माझ्या वाक्यामागं
कुणीतरी खोकतंय.
ते मी कापलं नाही.