चार नंबरची खोली

मोडेनाच्या बाहेर, जिथे धुकं शेतातून उठून
कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबतं,
तिथे नेरिओ बेर्गोन्झिनी एकतीस वर्षं
इंजिनांना पहिल्यांदा बोलतं करतोय.

गाडी नसते. चाकं नसतात, रस्ता नसतो.
नुसतं इंजिन, बारा सिलिंडरचं,
दावणीला बांधल्यासारखं पोलादी चौकटीत,
आणि त्याला मागून धरून ठेवणारा डायनो,
जो म्हणत राहतो: ओढ. अजून ओढ.

साडेआठ हजार फेऱ्यांवर एक्झॉस्टच्या नळ्या
आधी किरमिजी, मग केशरी,
मग अशा होतात की वाटतं
आतला जाळ आरपार दिसेल.
जाड काचेतून मी हे पहिल्यांदा पाहिलं
तेव्हा बावीस वर्षांची होते. विचारलं, किती धावलं?
नेरिओने पडद्याकडे पाहिलं: नऊशे किलोमीटर.
मग काचेकडे.
घाण्याच्या बैलालासुद्धा निदान गोल फिरता येतं.

पडदे, आलेख, सेन्सर, सगळं आहे.
तरी इंजिन मंद चालू असताना तो आत जातो,
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक झडपांच्या झाकणावर
आणि मूठ कानामागच्या हाडाला.
सात नंबरची झडप, म्हणतो,
जेवताना मध्येच विचारात पडल्यासारखी
जरा उशिरा मिटतेय.
दुपारी संगणकही तेच म्हणतो.
उजवा कान या कामातच गेला.
डावा मी इओलेसाठी राखून ठेवलाय, म्हणतो,
पण तीही आता ओरडूनच बोलते.

मागच्या नोव्हेंबरात एक लाकडी खोका आला.
आखाताकडल्या कुठल्याशा शहरातून, अकरा वर्षांनी परत.
इंजिन क्रमांक चारशे सतरा. तक्रार: तेल पाझरतं.
सोबत मालकाचं पत्र,
वातानुकूलित गॅरेज, रेशमी आच्छादन, रंगावर एक ओरखडा नाही.
मीटरवर एकशे बारा किलोमीटर.

सील वाळून कडक झाली होती. वापराने नाही.
नेरिओने जुनी वही काढली, पानं थुंकी लावून उलटली.
स्वतःचंच अक्षर: चारशे सतरा, नऊ तास, आवाज चांगला.
‘चांगला’खाली दोन रेघा.
तो कशाखालीच रेघा मारत नाही.

म्हणजे, तो म्हणाला,
आणि पुढचं बोललाच नाही, चष्मा पुसत बसला.

नवी सील बसली. कागदावर चाचणी वीस मिनिटांची.
विसाव्या मिनिटाला मी हात पुढे केला
तर म्हणाला, राहू दे.
आबेतोनेचा घाट लाव.

तशी एक फाइल आहे आमच्याकडे,
घाटातल्या प्रत्येक वळणाचा भार नोंदलेली,
कुठे चढ, कुठे गिअर उतरवायचा, कुठे सरळ सुटायचं.
लावला.
खिडकी नसलेल्या खोलीत चारशे सतरा
चेस्टनटच्या रानातून वर निघालं.
वळणापूर्वी श्वास रोखायचं, सुटताना असं काही गायचं
की माझ्या कपातली कॉफी थरथरून
वर्तुळं काढत होती.

साहेब आला, त्सानासी. दारातूनच ओरडला,
पेट्रोल कोणाच्या बापाचं?
मग दार लावून घेतलं. आतून.
घाटमाथा येईपर्यंत तिघंही उभेच होतो,
खुर्च्या असताना.

वहीत नेरिओने लिहिलं: वीस मिनिटं. आवाज चांगला.
रेघा नाहीत.
खोका पुन्हा खिळ्यांनी बंद झाला,
वर परतीचा पत्ता, ‘नाजूक’ असं तीन भाषांत.

संध्याकाळी फाटकातून तो सायकलवर बाहेर पडला.
दिवा लागत नव्हता, धुक्यात आधी टोपी गेली, मग पाठ.
मग नुसती चेन कुरकुरत राहिली बराच वेळ,
कोरडी, दर फेरीला एकदा.
उद्या सांगायला हवं त्याला.
सायकलची चेन उजव्या बाजूला असते.