तीन बोटं

सातव्या आठवड्यात लीशुआंगने मला दारातच अडवलं.
म्हणाली, आत येऊ नकोस.
तीनदा अंघोळ करून आलो होतो,
केसांना लिंबू चोळलं होतं.
पण हॉटपॉटच्या भटारखान्यात अकरा वर्षं काढली की
चरबी कातडीच्या आतूनच उकळते,
नखांत तिरफळं तडतडत राहतात.
तिला माझ्या पावलांच्या आवाजानेही
उमळून यायला लागलं होतं.

चोंगछिंगमध्ये पायऱ्या कुणाला चुकल्यात!
ती दर बाराव्या पायरीला थांबायची,
कठडा धरून.
पर्समध्ये संत्र्याची साल,
आणि एक रिकामी पिशवी. घडी घातलेली.

पुलाखाली गोउ मास्तरांचं मालिशचं दुकान. मास्तर जन्मांध.
हात दे म्हणाले, म्हणून दिला. माझाच.
मनगटाची घडी चाचपली,
तिथून कोपराकडे तीन बोटं,
आणि दोन ताठ दोऱ्यांच्या मधोमध
अंगठा टेकवला.
"हा आतला दरवाजा.
ठोठवायचा नाही. टेकून उभं राहायचं."
मग माझा पंजा उलटसुलट करून हसले :
"सुरी धरून जाड झालेली ही बोटं मापाला नकोत.
तिच्या दाराचं अंतर तिच्याच बोटांनी मोज."
उतार पडेलच का, विचारलं.
"कुणाला पडतो, कुणाला नाही.
पाणीसुद्धा पोटात ठरेनासं झालं
तर दवाखाना गाठ, माझ्याकडे येऊ नकोस.
पैसे मात्र आत्ताच दे."

रात्री दार चार बोटं उघडलं.
फटीतून हात आला,
बांगडी वर सरकवलेली,
तिची तीन बोटं मनगटावर आडवी,
आणि त्यांच्या पलीकडे
माझ्या अंगठ्यापुरती जागा.

मी बाहेर, श्वास तोंडाने घेत,
जणू वास माझ्याच नाकातून तिच्याकडे जाणार होता.
जिन्यातला दिवा आवाजावर लागतो.
आम्ही काहीच बोललो नाही, तो विझला.
अंगठ्याखाली काहीतरी धावत होतं.
तिचं, की माझं, की
इतक्यात ते कळतही नसावं.

चौथ्या मजल्यावरची म्हातारी कोबी घेऊन चढत आली.
खोकली. लख्ख उजेड.
दाराच्या फटीत हात घालून उभा असलेला स्वयंपाकी
तिने नीट पाहून घेतला, आणि पुढे गेली.

आतून आवाज आला,
"जरा हलकं."
मग बऱ्याच वेळाने,
"आता दुसरा हात."